अर्ध्या सेकंदामागची पुंजी

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर मुलांचा एक क्रिकेट सामना पाहण्याचा योग आला. सीमारेषेबाहेर पालकांची गर्दी होती. त्यांत आमच्या परिचयाचे एक धान्याचे व्यापारीही होते. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा फलंदाजीस आला आणि वडिलांच्या सूचनांना प्रारंभ झाला. “चेंडूवर नजर ठेव!” “पाय पुढे घे!” “कोपर वर!” प्रत्येक चेंडूपूर्वी एक नवी सूचना. मुलाने चार चेंडू कसेबसे खेळून काढले. पाचव्या चेंडूवर त्याची मधली यष्टी उडाली. परतताना तो वडिलांकडे न पाहता तडक आत गेला. वडील खिन्न होऊन म्हणाले, “सरावात इतका सुरेख खेळतो, सामन्यात मात्र त्याला काय होते, कळत नाही. दहावी जवळ येते आहे. आता हे सगळे बंद करून अभ्यासाला बसवावे म्हणतो.”

त्यांच्या या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. येणारी गोष्ट ऐन वेळी का येत नाही, हा पहिला. आणि मुलांच्या खेळात घालवलेली वर्षे वाया जातात काय, हा दुसरा. आपल्या व्यापारी घरांतून हे दोन्ही प्रश्न वारंवार विचारले जातात. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी खेळाडूंचे डोळे, स्नायू आणि मेंदू यांचा जो बारकाईने अभ्यास केला आहे, त्यात या प्रश्नांची पुष्कळशी उत्तरे सापडतात. उदाहरणांसाठी दूर जाण्याचेही कारण नाही. भारतीय क्रिकेटला दोन मोठे खेळाडू आपल्याच जिल्ह्याने दिले आहेत. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूर येथे जन्मलेले डावखुरे वेगवान गोलंदाज झहीर खान, आणि ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेले फलंदाज अजिंक्य रहाणे. एकाने चेंडू टाकायचा आणि दुसऱ्याने तो खेळायचा, असे क्षणभर समजू या आणि त्या दोघांमधील अंतरात काय घडते ते पाहू या.

डोळा पाहील तोवर उशीर झालेला असतो

खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. गोलंदाज पुढे झेपावून चेंडू सोडतो आणि फलंदाज यष्टींच्या थोडा पुढे उभा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणखी दोनेक मीटरने कमी होते. ताशी १४० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू एका सेकंदात सुमारे ३९ मीटर जातो. हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला उत्तर लगेच मिळेल. फलंदाजाच्या हाती जेमतेम अर्धा सेकंद उरतो.

आता खर्चाची बाजू पाहू. डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाचा अर्थ मेंदूला लागणे, त्यावरून निर्णय होणे, तो मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत पोहोचणे आणि स्नायू हलू लागणे, या सर्वांना मिळून एक पंचमांश सेकंद तरी लागतो. त्यानंतर बॅट प्रत्यक्ष फिरण्यास आणखी वेळ हवा. म्हणजे चेंडू टप्पा घेऊन उसळतो, त्या क्षणानंतर काही नवे ठरवायला फलंदाजाजवळ बहुधा शिल्लकच नसते.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये हे एका साध्या प्रयोगाने दाखवले. खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईखाली त्यांनी लाकडी दांड्या ठेवल्या. चेंडू दांडीवर पडला की अनपेक्षितपणे वळे. उत्कृष्ट फलंदाजांनाही चेंडू वळल्यानंतर सुमारे एक पंचमांश सेकंद होईपर्यंत आपल्या बॅटची दिशा बदलता आली नाही. याचा अर्थ असा, की उच्च दर्जाच्या खेळाडूचे मूळ प्रतिक्रियेचे यंत्र आपल्या सर्वांसारखेच असते. विलक्षण चपळ डोळे घेऊन तो जन्माला येतो, हा समज फारसा खरा नाही. मग तो वेगळा कशामुळे ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर मायकेल लँड आणि मॅक्लिओड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मिळते. त्यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर नजर टिपणारा लहान कॅमेरा बसवला आणि यंत्राने चेंडू टाकले. चेंडू निघताना तिघांचीही नजर त्याच्यावर होती. परंतु लगेच ती चेंडूला सोडून, जेथे टप्पा पडेल असे वाटले त्या जागी उडी मारून पोहोचली आणि चेंडूची वाट पाहत थांबली. कुशल फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेत होती, नवख्याची उशिरा. पुढे २०१३ मध्ये डेव्हिड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात जगातील अव्वल फलंदाजांचा असाच अभ्यास केला. हे फलंदाज डोके चेंडूच्या दिशेने अचूक वळवीत राहतात आणि नजर मात्र आधी टप्प्याच्या, मग बॅट व चेंडू भेटतील त्या जागी पुढे जाऊन थांबते, असे त्यांना आढळले.

“चेंडूवर नजर ठेव” हा सल्ला सीमारेषेवरून आपण किती सहज देतो! प्रत्यक्षात निष्णात फलंदाज चेंडूचा पाठलाग करीत नाही. तो चेंडूच्या आधी पोहोचून त्याची वाट पाहतो. आणि हे आपण करतो आहोत, याची त्याला स्वतःलाही जाणीव नसते.

चेंडू सुटण्यापूर्वीच सुरू झालेला निर्णय

चेंडूच्या आधी पोहोचायचे, तर त्याची वाटचाल आधी ओळखता आली पाहिजे. ही ओळख चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच सुरू होते. ऑस्ट्रेलियाचे ब्रूस अॅबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलंदाजांच्या चित्रफिती खेळाडूंना दाखवल्या आणि चेंडू सुटण्याच्या सुमारास चित्र बंद केले. पुढे काय होईल, असे विचारल्यावर कुशल फलंदाजांचे अंदाज नवख्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. गोलंदाजाचे मनगट, हात आणि खांदा यांच्या हालचालीतून त्यांना चेंडूचा प्रकार आणि टप्पा यांची पूर्वसूचना मिळत होती. नवख्यांच्या डोळ्यांसमोरही तेच चित्र होते. परंतु त्यांना त्यातून अर्थ मिळत नव्हता.

झहीर खान यांची कला इथेच समजते. २०११ च्या विश्वचषकात त्यांनी २१ बळी मिळवले आणि पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीसह ते स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणारे गोलंदाज ठरले. त्या वेळी त्यांच्या भात्यात एक नवा चेंडू होता. नेहमीच्याच धावेने यायचे, हात नेहमीच्याच वेगाने फिरवायचा. मात्र चेंडू बोटांच्या पेरांशी अशा रीतीने धरायचा की तो बराच मंद गतीने निघावा. २४ मार्च २०११ रोजी अहमदाबाद येथील उपान्त्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाचे माइक हसी अशाच मंद चेंडूवर त्रिफळाचीत झाले. हसी हे जगातील अत्यंत भरवशाच्या फलंदाजांपैकी एक. त्यांच्या डोळ्यांची काही चूक झाली नव्हती. गोलंदाजाच्या हाताचा वेग पाहून त्यांच्या मेंदूने वर्षानुवर्षांच्या अनुभवाने जो हिशेब मांडला, तोच गोलंदाजाने चुकवला. वेगवान हातामागून वेगवान चेंडू येतो, हा अनुभव जितका पक्का, तितका या फसवणुकीचा परिणाम अधिक.

पाहणे आणि खेळणे यांतला फरकही संशोधकांनी तपासला आहे. रोम येथील साल्वातोरे आल्योती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बास्केटबॉलच्या फेकींची चित्रे तीन गटांना दाखवली. एका गटात व्यावसायिक खेळाडू, दुसऱ्यात वर्षानुवर्षे खेळ पाहणारे प्रशिक्षक व क्रीडा पत्रकार आणि तिसऱ्यात खेळाशी संबंध नसलेले लोक होते. चेंडू टोपलीत पडेल की नाही, हे खेळाडूंनी सर्वांपेक्षा अचूक आणि सर्वांपेक्षा लवकर ओळखले; पुष्कळदा चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच. चुकणारी फेक पाहताना त्यांच्या मेंदूतील हाताला आज्ञा देणारा भाग विशेष जागा होई. नुसते पाहणाऱ्यांच्या मेंदूत चुकीची आणि बरोबर फेक यांत असा भेद दिसला नाही. जे हाताने हजारो वेळा केले आहे, ते मेंदू वेगळ्या रीतीने पाहतो. सीमारेषेबाहेर बसणाऱ्या आम्हा सर्वांना हा प्रयोग थोडे नम्र करणारा आहे.

ही पुंजी साठते कशी

व्यापारी घरातील वाचकाला ही गोष्ट अपरिचित नाही. पोत्यातून मूठभर तूर हातावर घेऊन जुना आडतदार क्षणात सांगतो, की मालात ओल आहे किंवा जुन्या मालाची मिसळ आहे. कापड बाजारातील जाणता माणूस बोटांच्या चिमटीत कापड धरून त्याचा पोत सांगतो. “कशावरून ओळखले?” असे विचारले तर त्याला धड सांगता येत नाही. हजारो पोती आणि हजारो ठाणे हातांखालून गेल्यानंतर मेंदूत जे साठले, ते शब्दांत साठलेले नसते.

बुद्धिबळावरील एका प्रसिद्ध प्रयोगात हेच दिसून आले. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पटावरील मांडणी काही सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा मांडण्यास सांगितले. खऱ्या डावातील मांडणी असली, की निष्णात खेळाडू नवख्याच्या कितीतरी पुढे राही. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की त्याचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे होई. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारण माणसाहून फार वेगळी नव्हती. सुट्या सोंगट्यांऐवजी तो अर्थपूर्ण समूह ओळखत होता.

अशा सरावाने मेंदूच्या रचनेतही फरक पडतो. जर्मनीतील संशोधकांनी २००४ मध्ये तीन चेंडू हवेत झेलत राहण्याची कला काही तरुणांना तीन महिने शिकवली. हलत्या वस्तूंचे ज्ञान करून देणारा त्यांच्या मेंदूतील भाग मोजमापात किंचित वाढलेला आढळला. मग सराव थांबवला. आणखी तीन महिन्यांनी पाहिले, तर ती वाढ बरीच ओसरली होती. मेंदू ही न हलवता ठेवलेली ठेव नव्हे; ते चालते खाते आहे. उलाढाल थांबली की शिल्लकही घटते.

हालचालींच्या बाबतीत मोठा वाटा डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा आहे. मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, तेव्हा त्या हालचालीचा परिणाम काय होईल याचा अंदाज अनुमस्तिष्क बांधते, प्रत्यक्षाशी त्याची तुलना करते आणि फरक आढळला की पुढच्या वेळेसाठी दुरुस्ती करते. रोज रात्री रोकड जुळवून पाहणाऱ्या मुनिमाचेच हे काम. प्रत्येक चुकलेला फटका ही त्या वहीतील एक नोंद असते. यासाठी चूक होऊ देणे आवश्यक आहे. चुकूच नये अशा धाकात सराव करणाऱ्या मुलाच्या वहीत नोंदीच होत नाहीत.

कुशल मेंदू शांत असतो

उत्तम खेळाडूचा मेंदू खेळताना अधिक काम करीत असेल, असे आपल्याला वाटते. मोजणीत मात्र बहुधा उलट दिसते. येथे संशोधकांची एक अडचणही सांगितली पाहिजे. मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र घेणाऱ्या मोठ्या यंत्रात माणसाला निश्चल पडून राहावे लागते. तेथे धावून चेंडू टाकता येत नाही. डोक्यावर विद्युत्‌संवेदक लावून मेंदूच्या लहरी मोजाव्यात, तर स्नायूंच्या हालचालींचा गोंधळ त्यांत मिसळतो. म्हणून असे अभ्यास प्रथम स्थिर खेळांत झाले. नेमबाज चाप ओढण्यापूर्वी काही सेकंद अगदी स्थिर असतो. अमेरिकेत ब्रॅडली हॅटफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये निष्णात नेमबाजांच्या मेंदूलहरी नोंदवल्या. चाप ओढण्याचा क्षण जवळ येई तसतसा त्यांच्या मेंदूचा डावा भाग शांत होत जाई. शब्दांनी विचार करण्याचे, स्वतःशी बोलण्याचे काम मुख्यतः याच भागात चालते. गोल्फ खेळाडूंवरील २००७ च्या एका अभ्यासात व्यावसायिक आणि नवखे खेळाडू यंत्रात पडून आपला फटका मनात योजीत होते. नवख्यांच्या मेंदूत भावनांशी निगडित भागांसह अनेक भाग जागे झाले. व्यावसायिकांच्या मेंदूत थोडे आणि नेमके.

महाराष्ट्रात ही गोष्ट प्रत्यक्ष खेळाडूंना शिकवण्याचे मोठे काम नाशिकचे भीष्मराज बाम यांनी केले. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम सरांनी योगशास्त्राच्या आधारे नेमबाजांना, क्रिकेटपटूंना, धावपटूंना श्वास आणि अवधान यांवर ताबा कसा मिळवावा याचे धडे दिले. अंजली भागवत आणि राहुल द्रविड यांसारख्या खेळाडूंना त्यांचे मार्गदर्शन लाभले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले; परंतु मन खेळात ठेवायचे आणि फळाची चिंता बाजूला ठेवायची, हा त्यांचा आग्रह मेंदूविज्ञानाच्या निष्कर्षांशी चांगलाच जुळतो.

येणारी गोष्ट ऐन वेळी का येत नाही

आता वाडिया पार्कवरील त्या मुलाकडे वळू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉल खेळाडूंना अडथळ्यांमधून चेंडू नेण्यास सांगितले. एका वेळी त्यांना, पायाची कोणती बाजू चेंडूला लागली, याकडे लक्ष ठेवावयाचे होते. नवख्यांना अशा लक्ष ठेवण्याने मदत झाली. परंतु तरबेज खेळाडूंची गती त्यामुळे मंदावली. जी क्रिया सरावाने आपोआप होऊ लागली आहे, तिचे सुटे भाग जाणीवपूर्वक तपासू लागताच ती अडखळते. भराभर जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे पडते याचा विचार करून पाहावा, म्हणजे अनुभव येईल.

दडपणाखाली नेमके हेच होते. हरण्याचे भय, लोक काय म्हणतील याची चिंता, आणि त्यांत बाहेरून येणाऱ्या सूचना. खेळाडू स्वतःच्याच हातापायांवर पहारा करू लागतो. जे काम मेंदूच्या खोल, शब्दरहित यंत्रणेकडे सोपवलेले होते, ते शब्दांनी विचार करणारा भाग हिसकावून घेतो. आणि तो भाग अर्ध्या सेकंदाच्या कामासाठी फार मंद आहे. वडिलांच्या “कोपर वर!” या शब्दांत ज्ञान होते, परंतु ते चुकीच्या क्षणी दिलेले होते. सरावात तो मुलगा सुरेख खेळतो, कारण तेथे त्याला कोणी त्याच्या कोपराची आठवण करून देत नाही.

उत्तेजनाचेही असेच आहे. रॉबर्ट यर्किस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की कठीण कामात थोडी उत्तेजना उपकारक असते, ती मर्यादेपलीकडे गेली की काम बिघडते. झहीर खान यांच्या कारकिर्दीतील दोन अंतिम सामने शेजारी ठेवून पाहावेत. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. त्या विश्वचषकात त्यांनी १८ बळी मिळवले होते. कौशल्यात कोठेच उणीव नव्हती. तरीही ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील त्यांच्या पहिल्याच षटकात वाइड आणि नो-बॉल पडत गेले आणि १५ धावा निघाल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, २ एप्रिल २०११, मुंबईचे वानखेडे मैदान, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना. दडपण तेवढेच, कदाचित मायदेशी असल्याने अधिकच. त्या दिवशी त्यांची पहिली तिन्ही षटके निर्धाव पडली आणि पहिल्या पाच षटकांत त्यांनी केवळ ६ धावा देऊन एक बळी मिळवला. एका षटकावरून माणसाच्या मेंदूचे निदान करू नये. परंतु दडपण पेलणे हा जन्मजात गुण नसून तोही शिकता येतो, एवढे या दोन दिवसांवरून निश्चित म्हणता येईल.

रहाणे यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेड येथे भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत संपला. कर्णधार विराट कोहली मायदेशी परतले आणि नेतृत्व रहाणे यांच्याकडे आले. आठवड्याभरातच मेलबर्न येथे स्टार्क, कमिन्स, हेझलवुड यांच्या माऱ्यासमोर त्यांनी ११२ धावांची संयमी खेळी केली. भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे मालिकाही २-१ अशी जिंकली. अॅडलेडच्या पराभवाचे ओझे प्रत्येक चेंडूबरोबर वाहत राहिला असता, तर तो संघ मेलबर्नमध्ये उभा राहू शकला नसता. झालेला चेंडू संपला, येणारा चेंडू एवढाच खरा. ही वृत्ती ज्याला साधते, त्याच्या मेंदूला अर्ध्या सेकंदाचे काम करण्यास मोकळीक मिळते.

आपल्या घरांसाठी

या सर्व अभ्यासातून पालकांनी काय घ्यावे? प्रथम, सूचनांची वेळ ओळखावी. मूल नवशिके असताना पाय आणि कोपर यांच्या सूचना आवश्यकच आहेत. त्या सरावात, शांतपणे, प्रशिक्षकाने द्याव्यात. सामना सुरू झाल्यावर पालकाने टाळ्या वाजवाव्यात आणि मौन पाळावे. बाद होऊन आलेल्या मुलाला लगेच कारणे विचारू नयेत. दुसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला, तर ऐकावे.

दुसरे, सराव विविध असावा. चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर तासन्‌तास उभे राहणे सोयीचे खरे. परंतु यंत्राला खांदा नसतो, मनगट नसते. चेंडू सुटण्यापूर्वीची भाषा त्याच्याकडून शिकता येत नाही. उंच, बुटके, डावरे, उजवे, मंद, वेगवान अशा जिवंत गोलंदाजांना तोंड दिल्यानेच ती पुंजी साठते. गल्लीतील खेळाला कमी लेखू नये. लहान वयात एकच खेळ लादण्याचीही घाई नको. रहाणे यांनी लहानपणी क्रिकेटबरोबर कराटेचेही शिक्षण घेतले होते आणि त्यात काळा पट्टा मिळवला होता.

तिसरे, झोप. दिवसा शिकलेली हालचाल मेंदू रात्री पक्की करतो. २००२ मधील एका प्रयोगात, बोटांनी ठरावीक क्रम टिपण्यास शिकलेल्या लोकांची गती रात्रीच्या झोपेनंतर, कोणताही अधिक सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. पहाटे सराव आणि रात्री उशिरापर्यंत शिकवणी अशी कात्री लावून आपण मुलाची दोन्हींकडची कमाई गमावतो.

चौथे, डोक्याला लागलेला मार हलका समजू नये. शिरस्त्राणावर चेंडू आदळला आणि रक्त आले नाही, म्हणून काही झाले नाही असे होत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही दिसल्यास त्या दिवशी खेळ थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. अशा खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून दिली आहे. मग शाळेच्या सामन्यात हट्ट कशासाठी?

आणि शेवटचा प्रश्न, दहावीचा. सर्व मुले रहाणे होणार नाहीत, आणि व्हावीत अशी अपेक्षाही नको. क्रिकेट खेळल्याने गणित आपोआप सुधारते, असा दावाही कोणी करू नये. बुद्धिबळाच्या प्रयोगात दिसले त्याप्रमाणे कौशल्य बहुधा आपल्याच क्षेत्रापुरते असते. परंतु जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस करते, आणि ती परीक्षेच्या वर्षाचा अपवाद करीत नाही. शिवाय सात-आठ वर्षे साठवलेले कौशल्य एका वर्षाच्या खंडाने उतरणीला लागते. आठवड्यातून तीन दिवस तासभर मैदान राहू दिले, तर अभ्यासाचे नुकसान होणार नाही आणि खातेही चालू राहील. झहीर खान यांनी अभियांत्रिकीचा मार्ग सोडून क्रिकेट निवडले. प्रत्येकाने तसे करावे असे नाही. परंतु निवड करण्याची वेळ येईपर्यंत मुलाच्या हातांत दोन्ही गोष्टी शिल्लक असाव्यात, एवढे तरी घरच्यांना करता येते.

त्या सामन्यानंतर काही दिवसांनी मार्केट यार्डात त्या व्यापारी मित्रांची भेट झाली. समोर तुरीचा ढीग होता. त्यांनी मूठभर दाणे उचलले, तळहातावर फिरवले, एक दाणा दातांखाली धरला आणि भाव सांगितला. आम्ही सहज म्हणालो, “आता कोणी शेजारी उभे राहून, बोटे अशी धरा, दाणा असा चावा, असे सांगत राहिले तर?”

ते क्षणभर थांबले आणि हसले. “मग माल ओळखणे दूरच, हातातले दाणेही सांडतील.” थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “रविवारी त्याचा पुढचा सामना आहे. मी येईन, पण पलीकडच्या बाजूला बसेन.”

मुलाच्या अर्ध्या सेकंदामागे त्याची वर्षे उभी असतात. ती साठवण्यास आपण साहाय्य करावे, आणि तो क्षण आला की त्याचा त्याला खेळू द्यावा.